मार्क्स (सारातोव ओब्लास्त)

मार्क्स हे रशियाच्या सारातोव ओब्लास्तमधील एक शहर आहे. ते व्होल्गा नदीच्या डाव्या तीरावर, सारातोव शहरापासून सुमारे ६० किलोमीटर ईशान्येस वसलेले असून त्याच नावाच्या जिल्ह्याचे (रायोनचे) मुख्य ठिकाण आहे. शहराची लोकसंख्या सुमारे ३० हजार आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिच्या निमंत्रणावरून रशियात आलेल्या जर्मन वसाहतकारांनी हे गाव वसवले. व्होल्गाकाठच्या जर्मन वसाहतींमधील ते एक प्रमुख व्यापारी केंद्र होते आणि काही वर्षे व्होल्गा जर्मनांच्या स्वायत्त प्रदेशाची राजधानीही होते. इ.स. १९४१ मध्ये सोव्हिएत सरकारने येथील जर्मन लोकसंख्येला सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. एका राजाज्ञेने वसलेले आणि दुसऱ्या राजाज्ञेने रिकामे झालेले गाव म्हणून या शहराचा इतिहास अभ्यासला जातो.

नावे

सुमारे पावणेदोनशे वर्षांत या गावाला पाच नावे मिळाली. वसाहत उभारणाऱ्या बॅरनवरून रशियन लोक गावाला 'बारोन्स्क' म्हणत. सम्राज्ञीच्या सन्मानार्थ दिलेले अधिकृत नाव 'काटारीनेनश्टाट' (रशियन उच्चार येकातेरिनेनश्टाट) असे होते. जर्मन भाषेत 'श्टाट' म्हणजे शहर. पहिल्या महायुद्धात रशिया व जर्मनी एकमेकांविरुद्ध उभे ठाकल्यावर हा जर्मन शब्द काढून 'येकातेरिनोग्राद' असे रशियन वळणाचे नाव देण्यात आले. क्रांतीनंतर, १९१९ मध्ये, कार्ल मार्क्सच्या स्मरणार्थ गावाचे नाव 'मार्क्सश्टाट' झाले. जर्मनांच्या हद्दपारीनंतर १९४२ मध्ये त्यातील 'श्टाट' पुन्हा एकदा वगळण्यात आले आणि 'मार्क्स' एवढेच नाव उरले. अशा रीतीने जर्मन रहिवासी गेले, जर्मन प्रत्यय गेला, परंतु एका जर्मन विचारवंताचे नाव मात्र गावाला कायम राहिले.

भौगोलिक स्थान

सारातोवच्या परिसरात व्होल्गेचे दोन तीर अगदी भिन्न स्वरूपाचे आहेत. उजवा तीर उंच व डोंगराळ आहे, तर डावा तीर सखल असून पूर्वेकडे विस्तीर्ण गवताळ प्रदेशात (स्टेपमध्ये) विलीन होतो. जर्मन वसाहतकार उजव्या तीरास 'डोंगरबाजू' आणि डाव्या तीरास 'कुरणबाजू' म्हणत. मार्क्स हे कुरणबाजूचे गाव होय. येथील हवामान विषम आहे. हिवाळा दीर्घ व कडक असतो, उन्हाळा उष्ण व कोरडा असतो आणि पाऊस बेभरवशाचा असतो. काळी-तपकिरी जमीन सुपीक असली तरी अवर्षणाचे संकट या भागाच्या पाचवीलाच पुजलेले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास व्होल्गोग्राद येथे धरण बांधण्यात आल्यानंतर शहरालगतचे नदीपात्र रुंदावून जलाशयाचा भाग बनले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कॅथरीन दुसरी ही मूळची जर्मन राजकन्या. तिचा जन्म १७२९ मध्ये श्टेटिन येथे झाला आणि १७६२ मध्ये ती रशियाच्या गादीवर आली. त्या वेळी व्होल्गेच्या खालच्या खोऱ्यातील विस्तृत प्रदेश नावापुरताच रशियाच्या ताब्यात होता. तेथे स्थिर शेती करणारी वस्ती विरळ होती आणि भटक्या पशुपालक टोळ्यांचा वावर होता. रशियातील बहुसंख्य शेतकरी भूदास असल्याने त्यांना जमीनदाराच्या गावाबाहेर जाऊन नवी जमीन लागवडीखाली आणण्याची मोकळीक नव्हती. त्यामुळे ही भूमी वसवण्यासाठी परदेशातून माणसे आणण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला.

डिसेंबर १७६२ मधील पहिल्या जाहीरनाम्यास फारसा प्रतिसाद मिळाला नाही. त्यानंतर २२ जुलै १७६३ रोजी सविस्तर जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्यात स्थलांतरितांना पुढील आश्वासने देण्यात आली होती: धर्मपालनाचे स्वातंत्र्य, निर्जन प्रदेशात वसणाऱ्यांना ३० वर्षे करमाफी, सक्तीच्या सैनिकी सेवेतून सूट, वसाहतींचा अंतर्गत कारभार स्वतः पाहण्याचा अधिकार, प्रवासखर्च आणि घर व अवजारांसाठी दहा वर्षांनी फेडावयाचे बिनव्याजी कर्ज. स्थलांतरितांची व्यवस्था पाहण्यासाठी ग्रिगोरी ओर्लोव याच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. १७६४ च्या नियमांनुसार प्रत्येक कुटुंबास ३० देस्यातिन, म्हणजे सुमारे ८० एकर जमीन देण्याचे ठरले.

या आश्वासनांना जर्मन भाषक प्रदेशांतून विशेष प्रतिसाद मिळण्यामागे तेथील परिस्थिती होती. सप्तवार्षिक युद्ध (१७५६–१७६३) नुकतेच संपले होते. हेसन, ऱ्हाइनलँड, फाल्ट्स इत्यादी भागांतील शेतकरी व कारागीर करांच्या ओझ्याने, सैन्यभरतीने आणि जमिनीच्या तुटवड्याने गांजले होते. जर्मनी हा एकसंध देश नसून अनेक लहान-मोठ्या संस्थानांत विभागलेला असल्याने परकीय प्रतिनिधींना तेथे लोक गोळा करणे तुलनेने सोपे होते. पुढे या संस्थानांनी आपली प्रजा घटू लागल्याचे पाहून देशांतरावर बंदी घातली.

स्थापना

काही वसाहती थेट शासनामार्फत वसवण्यात आल्या, तर काहींसाठी खाजगी कंत्राटदार नेमण्यात आले. डच बॅरन म्हणून ओळखला जाणारा फर्डिनांड कानो द बोरगार हा अशा कंत्राटदारांपैकी एक होता. व्होल्गेच्या डाव्या तीरावर त्याने अनेक वसाहती उभारल्या. त्यांपैकी कित्येकांना झ्युरिक, बाझेल, लुत्सर्न, शाफहाउझन, ग्लारूस अशी स्वित्झर्लंडमधील नावे देण्यात आली. तेथे राहणारे बहुसंख्य लोक स्विस नसतानाही ही नावे रूढ झाली. या सर्व वसाहतींचे मुख्य ठिकाण म्हणून १७६५ ते १७६७ या काळात काटारीनेनश्टाटची उभारणी झाली.

वसाहतकारांचा प्रवास खडतर होता. ल्युबेक बंदरातून ते जहाजाने सेंट पीटर्सबर्गजवळच्या ओरानियेनबाउम येथे येत. तेथे त्यांच्याकडून रशियन सिंहासनाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली जाई. मग नदीमार्गाने व गाड्यांतून मजल दरमजल करत ते सारातोवला पोहोचत. वाटेत हिवाळा आडवा आला की महिनोन्‌महिने मुक्काम करावा लागे. या प्रवासात रोगराईने, विशेषतः लहान मुलांचे, अनेक मृत्यू झाले. १७६४ ते १७७२ या काळात व्होल्गेच्या दोन्ही तीरांवर मिळून शंभरावर वसाहती स्थापन झाल्या. त्यांना पुढील काळात 'मातृवसाहती' म्हटले जाऊ लागले.

आरंभीची संकटे

जाहीरनाम्यात कोणताही व्यवसाय करण्याची मुभा सुचवलेली असली, तरी व्होल्गाकाठी आलेल्यांना शेतीच करणे भाग पडले. त्यांत विणकर, चांभार, सुतार, निवृत्त सैनिक असे अनेक होते. नांगर धरण्याची सवय नसलेल्या या लोकांना लाकडाचाही तुटवडा असलेल्या गवताळ प्रदेशात घरे बांधावयाची होती. पहिले हिवाळे पुष्कळांनी जमिनीत खणलेल्या, वरून काटक्या व माती टाकलेल्या खोपटांत काढले. बियाणे वेळेवर न मिळणे, अवर्षण आणि अनोळखी हवामान यांमुळे सुरुवातीची पिके बुडाली आणि शासकीय कर्जाचा बोजा वाढत गेला. कंत्राटदारांच्या वसाहतींत उत्पन्नाचा दहावा हिस्सा कंत्राटदाराला देण्याची अट होती. त्यावरून तक्रारी वाढल्या आणि अखेर या वसाहतीही शासनाच्या देखरेखीखाली घेण्यात आल्या.

१७७१ मध्ये काल्मिक लोकांचा मोठा समूह व्होल्गेचा प्रदेश सोडून पूर्वेस निघून गेला. त्यानंतर डाव्या तीरावरील वसाहती कझाक टोळ्यांच्या धाडींना उघड्या पडल्या. १७७४ मध्ये पुगाचोवच्या बंडाची झळही या भागाला लागली. १७७० च्या दशकातील धाडींत कित्येक वसाहतकार मारले गेले आणि अनेकांना मध्य आशियातील गुलामांच्या बाजारात विकण्यासाठी पळवून नेण्यात आले. कैद्यांच्या सुटकेसाठी निघालेल्या तुकडीसोबत गेलेला काटारीनेनश्टाटचा ल्यूथरपंथी पाळकही यात मारला गेला. व्होल्गा जर्मनांच्या लोककथांत या घटनांच्या आठवणी दीर्घकाळ टिकून राहिल्या.

भरभराट

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती पालटली. वसाहतकारांनी कोरडवाहू शेतीचे तंत्र आत्मसात केले. गहू आणि तंबाखू ही डाव्या तीरावरील महत्त्वाची पिके ठरली. काटारीनेनश्टाट नदीकाठी असल्याने आसपासच्या वसाहतींचे धान्य येथेच येई, कोठारांत साठवले जाई आणि बर्फ वितळून नदी मोकळी झाल्यावर गलबतांतून उत्तरेकडे रवाना होई. या व्यापारामुळे गावात धान्याची कोठारे, पिठाच्या गिरण्या, शेतीच्या अवजारांचे कारखाने आणि व्यापाऱ्यांची विटांची घरे उभी राहिली. कागदोपत्री 'वसाहत' असली तरी तिचे रूप शहराचे होते.

जमिनीच्या बाबतीत वसाहतकारांनी कालांतराने रशियन ग्रामसमाजाची पद्धत स्वीकारली. गावाची जमीन सामाईक मानून कुटुंबातील पुरुषांच्या संख्येनुसार तिची ठरावीक काळाने फेरवाटणी होई. त्यामुळे कोणी पूर्णपणे भूमिहीन होत नसे. परंतु लोकसंख्या वाढत गेली तसा प्रत्येकाच्या वाट्याचा तुकडा लहान होत गेला आणि जमिनीत सुधारणा करण्याची प्रेरणाही मंदावली.

भाषा व समाजजीवन

वसाहतींत ल्यूथरपंथी, सुधारणावादी (रिफॉर्म्ड) आणि रोमन कॅथलिक असे ख्रिस्ती पंथ होते. बहुतेक वसाहती एकपंथीय होत्या. काटारीनेनश्टाट मात्र मोठे केंद्र असल्याने तेथे एकाहून अधिक पंथांचे लोक एकत्र राहत आणि त्यांची स्वतंत्र प्रार्थनामंदिरे होती. प्रत्येक गावात चर्चशी जोडलेली शाळा असे व तेथे वाचन, धर्मशिक्षण व गायन शिकवले जाई. मात्र रशियन भाषा जाणणारे शिक्षक व कारकून वसाहतींत दुर्मीळ होते. ही उणीव भरून काढण्यासाठी एकोणिसाव्या शतकात काटारीनेनश्टाट येथे एक मध्यवर्ती शाळा सुरू करण्यात आली.

वसाहतकारांची बोली प्रामुख्याने हेसन व फाल्ट्स या भागांतील बोलींच्या मिश्रणातून घडली. मातृभूमीशी संपर्क तुटल्याने तिच्यात अठराव्या शतकातील अनेक जुनी रूपे टिकून राहिली, तर नव्या परिसरातील वस्तूंसाठी रशियन शब्द आले. कलिंगडासाठी 'आर्बूस' आणि धान्याच्या कोठारासाठी 'आंबार' हे अशा शब्दांपैकी होत. यांतील 'आंबार' हा शब्द मूळचा फारसी असून तो तुर्की भाषांमार्फत रशियनमध्ये आला. त्याच फारसी मूळापासून मराठीत 'अंबार' हा शब्द आला आहे. पन्हाळगडावरील धान्यकोठारांच्या 'अंबरखाना' या नावातही तोच शब्द दिसतो.

सवलतींचा अंत आणि देशांतर

भूदासांच्या मुक्तीनंतर (१८६१) रशियात सर्व प्रजेला समान कायदे लागू करण्याचे धोरण आले. १८७१ मध्ये वसाहतकारांचा विशेष दर्जा रद्द करण्यात आला आणि १८७४ मध्ये सक्तीची सैनिकी सेवा त्यांनाही लागू झाली. कॅथरीनने दिलेल्या सवलती कायमस्वरूपी आहेत अशी वसाहतकारांची समजूत होती. त्यामुळे अनेकांना हा वचनभंग वाटला. जमिनीची टंचाई आणि वारंवार पडणारे दुष्काळ यांची त्यात भर पडली. परिणामी हजारो व्होल्गा जर्मन अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ब्राझील व अर्जेंटिना येथे गेले. १८७६ मध्ये काटारीनेनश्टाटमधून गेलेल्या कुटुंबांनी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एक गाव वसवले आणि त्याला आपल्या जुन्या गावाच्या आठवणीसाठी 'कॅथरीन' हे नाव दिले.

महायुद्ध, क्रांती आणि स्वायत्तता

पहिल्या महायुद्धात रशियन सैन्यात जर्मन वंशाचे हजारो सैनिक लढत असतानाच देशात जर्मनविरोधी वातावरण तापले. १९१५ मध्ये जर्मन वंशीयांच्या जमिनी काढून घेण्यासंबंधीचे कायदे करण्यात आले. ते व्होल्गाकाठी लागू होण्याच्या सुमारास, १९१७ च्या आरंभी, झारशाही कोसळली आणि अंमलबजावणी स्थगित झाली.

ऑक्टोबर क्रांतीनंतर सोव्हिएत सत्तेने अल्पसंख्याक राष्ट्रीयत्वांना स्वायत्तता देण्याचे धोरण स्वीकारले. १९१८ मध्ये सारातोव येथे व्होल्गा जर्मन व्यवहारांसाठी एक कमिसारियत स्थापन झाले. त्याचा प्रमुख एर्न्स्ट रॉयटर हा होता; पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम बर्लिनचा महापौर म्हणून तो प्रसिद्धीस आला. त्याच वर्षी व्होल्गा जर्मनांच्या 'श्रमिक कम्यून'ची घोषणा झाली. १९१९ मध्ये तिची राजधानी सारातोवहून येथे आली आणि गावाला 'मार्क्सश्टाट' हे नाव मिळाले. १९२२ मध्ये सारातोवच्या समोरच्या तीरावरील पोक्रोव्स्क (१९३१ पासून एंगेल्स) हे शहर स्वायत्त प्रदेशात समाविष्ट झाले व राजधानी तेथे हलवण्यात आली. १९२४ मध्ये या प्रदेशाला स्वायत्त सोव्हिएत समाजवादी प्रजासत्ताकाचा दर्जा देण्यात आला. अशा प्रकारे मार्क्स आणि एंगेल्स या दोघांच्या नावांची शहरे एकाच प्रजासत्ताकात आली.

याच काळात सक्तीच्या धान्यवसुलीमुळे आणि अवर्षणामुळे १९२१–२२ मध्ये व्होल्गेच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. लोक उपासमारीने व साथीच्या रोगांनी मृत्युमुखी पडले, अनेकांनी गावे सोडली. अमेरिकेतील व युरोपातील मदतसंस्थांनी, तसेच आधी देशांतर केलेल्या नातलगांनी अन्नसाहाय्य पाठवले. दुष्काळ ओसरल्यावर मार्क्सश्टाटमधील 'वोझ्रोझ्देनिये' (पुनरुज्जीवन) या कारखान्यात याकोव मामिन या अभियंत्याने रचलेले 'कार्लिक' (बुटका) नावाचे लहान ट्रॅक्टर तयार होऊ लागले. सोव्हिएत संघातील ट्रॅक्टर उत्पादनाच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्यांची गणना होते.

प्रजासत्ताकात जर्मन भाषेला अधिकृत स्थान होते. शाळा, वृत्तपत्रे, नाट्यगृह व प्रशासन यांत ती वापरली जाई. १९३८ मध्ये देशाच्या इतर भागांतील जर्मन माध्यमाच्या शाळा रशियन माध्यमात बदलण्यात आल्या, तेव्हाही येथील शाळा चालू राहिल्या. दुसऱ्या बाजूने, शेतीचे सामूहिकीकरण, सधन शेतकऱ्यांची हकालपट्टी, चर्चे बंद करणे आणि १९३७–३८ मधील अटकसत्र यांतून हा प्रदेशही सुटला नाही. १९३९ च्या जनगणनेनुसार प्रजासत्ताकाची लोकसंख्या ६ लाखांहून अधिक होती आणि तीत जर्मनांचे प्रमाण सुमारे ६० टक्के होते.

१९४१ ची हद्दपारी

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. २८ ऑगस्ट १९४१ रोजी सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाने एक हुकूम काढला. व्होल्गाकाठच्या जर्मनांमध्ये मोठ्या संख्येने हेर व घातपाती दडलेले आहेत आणि त्यांची माहिती कोणीही दिलेली नाही, असा आरोप त्यात करण्यात आला होता. कोणतीही वैयक्तिक चौकशी न करता संपूर्ण समाजाला स्थलांतरित करण्याचा आदेश देण्यात आला. सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत तो अमलात आला. साडेतीन लाखांहून अधिक लोकांना मालवाहू रेल्वेगाड्यांतून कझाकस्तान, अल्ताय, ओम्स्क व नोवोसिबिर्स्क या भागांत नेण्यात आले. कापणी अर्धवट राहिलेली शेते, गुरे आणि घरे मागे राहिली. पक्षाचे सदस्य असलेल्या जर्मनांनाही यातून सूट नव्हती.

७ सप्टेंबर १९४१ रोजी प्रजासत्ताकाचा प्रदेश सारातोव व स्तालिनग्राद या ओब्लास्तांत विभागण्यात आला. रिकाम्या घरांत युद्धग्रस्त भागांतून आलेले निर्वासित व इतर ठिकाणचे शेतकरी वसवण्यात आले. पुढील वर्षी जर्मन ग्रामनामे बदलण्याची मोहीम झाली. तीत झ्युरिकचे झोर्किनो, मारिएन्टालचे सोवेत्स्कोये आणि मार्क्सश्टाटचे मार्क्स झाले.

हद्दपार झालेल्यांपैकी सक्षम प्रौढांना १९४२ पासून तथाकथित 'श्रमसेने'त भरती करून खाणी, जंगले व बांधकामे येथे सक्तीच्या कामाला जुंपले गेले. प्रथम पुरुषांना, नंतर तीन वर्षांखालील मूल नसलेल्या स्त्रियांनाही नेण्यात आले. थंडी, उपासमार व अतिश्रम यांमुळे मृत्यूंचे प्रमाण मोठे होते. १९४८ च्या हुकुमाने ही हद्दपारी कायमची ठरवण्यात आली.

युद्धोत्तर काळ

स्तालिनच्या मृत्यूनंतर निर्बंध टप्प्याटप्प्याने उठले. डिसेंबर १९५५ मध्ये विशेष वसाहतींतील पोलिसी देखरेख संपली, मात्र मूळ गावी परतण्याचा व मालमत्ता मागण्याचा हक्क नाकारण्यात आला. ऑगस्ट १९६४ मध्ये देशद्रोहाचा सरसकट आरोप मागे घेण्यात आला. वास्तव्याच्या ठिकाणाची निवड करण्याचे स्वातंत्र्य १९७२ मध्ये मिळाले. आरोप चुकीचा होता हे मान्य झाल्यावरही प्रजासत्ताक पुन्हा स्थापन झाले नाही.

१९८९ मध्ये स्थापन झालेल्या 'वीडरगेबुर्ट' (पुनर्जन्म) या संघटनेने स्वायत्ततेची मागणी पुन्हा मांडली. व्होल्गाकाठच्या तत्कालीन रहिवाशांनी तिला तीव्र विरोध केला. १९४१ नंतर येथे वसलेल्यांची दुसरी-तिसरी पिढी तोवर याच घरांत वाढलेली होती आणि आपल्याला आता उठवले जाईल अशी त्यांना धास्ती होती. मागणी फलद्रूप झाली नाही. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर लाखो रशियन जर्मन जर्मनीत स्थायिक झाले. सैबेरिया व कझाकस्तानातून काही कुटुंबे मात्र मार्क्स परिसरात परतली.

महत्त्वाच्या वास्तू

कॅथरीन दुसरीचा पुतळा: वसाहतकारांनी सम्राज्ञीबद्दल कृतज्ञता म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा कांस्यपुतळा उभारला. सेंट पीटर्सबर्गमधील आनिच्कोव पुलावरील अश्वशिल्पांसाठी प्रसिद्ध असलेला शिल्पकार प्योत्र क्लोट याने तो घडवला. सम्राज्ञी आसनस्थ असून तिच्या हाती गुंडाळी आहे. सोव्हिएत काळात पुतळा हटवून वितळवण्यात आला. २००७ मध्ये त्याची प्रतिकृती शहरात बसवण्यात आली.

पवित्र त्रैक्याचे ल्यूथरपंथी चर्च: एकोणिसाव्या शतकातील ही स्तंभयुक्त इमारत शहराची ओळख मानली जाते. सोव्हिएत राजवटीत चर्च बंद झाले आणि तेथे सांस्कृतिक भवन चालवले गेले. घंटेचा मनोरा पाडण्यात आला होता. १९९० च्या दशकात इमारत धर्मसमुदायाला परत मिळाली आणि पुढे मनोराही पुन्हा बांधण्यात आला.

ख्रिस्तराजा चर्च: हे रोमन कॅथलिक चर्च १९९० च्या दशकात नव्याने बांधण्यात आले. येथील पाळक क्लेमेन्स पिकेल हे पुढे सारातोव येथील धर्मप्रांताचे बिशप झाले.

आजचे मार्क्स

शहराची अर्थव्यवस्था मुख्यतः आसपासच्या शेतीवर व तिच्याशी निगडित उद्योगांवर अवलंबून आहे. बहुसंख्य रहिवासी रशियन असून जर्मन आता लहान अल्पसंख्य समाज आहेत. जुन्या भागात जर्मन काळातील विटांची घरे व कोठारे अद्याप दिसतात आणि स्थानिक संग्रहालयात वसाहतींचा इतिहास मांडलेला आहे. जर्मनी व अमेरिकेतून व्होल्गा जर्मनांचे वंशज पूर्वजांच्या गावांचा शोध घेत येथे येतात. जवळच्या झोर्किनो या गावातील उद्ध्वस्त ल्यूथरपंथी चर्च अशाच एका वंशजाने स्वखर्चाने पुन्हा उभारले. सुमारे पाऊणशे वर्षांच्या खंडानंतर जर्मन वसाहतीचा इतिहास आता शहराच्या अधिकृत ओळखीचा भाग मानला जातो.